नुसती धडक

दिग्विजय सीमेवरून सुखरूप परतला, म्हणून आष्ट्यात त्याच्या वडिलांनी, जोतिबातात्यांनी, मटणाचं जेवण घातलं. पुतणी अपेक्षा चुलतभावाला भेटायला हैदराबादहून आली, तर तात्या पाहुण्यांदेखत म्हणाले, "ठरलेलं लगीन मोडून शिकायला पळालेली पोरगी ही. हिला आत बसवा, आमच्या पंगतीत नको."

अपेक्षा तिथंच उभी राहिली.

दिग्विजय सांगत होता, "शत्रूचं क्षेपणास्त्र थेट आमच्या तळावर येत हुतं. आपलं वर गेलं आन् त्याला आभाळातच धडकलं. आपल्याच्या टोकात बारूद अजिबात न्हाई, नुसत्या वेगानं त्याचा चुरा केला. ते नसतं, तर आज मी हितं नसतो."

हातातला घास ताटात ठेवून तात्या म्हणाले, "ज्यांनी हे बनवलं, त्यातल्या एकाला तरी घरी आणा रं कुणी. माज्या शेजारी बसवून जेवायला घालतो."

अपेक्षानं पायात चपला सरकवल्या.



दिग्विजय म्हणाला, "एक आली हुती, तात्या. आता उपाशीच परत निघाली."