पहिली फी

नोकरी सोडून ऋजुता खांडकेने सभाधीटपणा शिकवणारा ऑनलाइन वर्ग काढला होता. वेबसाइटवर लोक यायचे, बघायचे आणि निघून जायचे. म्हणून तिने तिथे आपोआप उत्तरं देणारा चॅटबॉट बसवला.

एका संध्याकाळी तिने चॅट उघडलं, तर इंदुमती बागवे नावाच्या बाई दुपारभर त्याच्याशी बोलत बसलेल्या. यजमान गेल्यापासून चारचौघांत तोंडच उघडत नाही, भिशीतल्या बायकांनीही बोलावणं सोडलं, असं त्यांनी लिहिलं होतं. दर वेळी चॅटबॉटने 'मी समजू शकते' म्हणत फी भरायची लिंक पुढे केली होती.

ऋजुताने चॅटमध्ये दिलेल्या नंबरवर त्यांना फोन लावला आणि वर्गाचं नाव सांगितलं.

"दुपारी बोलत होतीस ती तूच ना गं?" बाईंनी मायेने विचारलं.

हो म्हटलं असतं, तर काम झालं असतं. "नाही काकू, ते मशीन होतं."

"म्हणजे मी कुणाशीच बोलले नाही," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सकाळी इंदुमतीबाईंची फी जमा झाल्याचा मेसेज आला. वर्गाची पहिलीच फी! कुणाला तरी सांगावं म्हणून ऋजुता फोनमधली नावं चाळत राहिली. हक्काने सांगावं असं एकही सापडेना.

शेवटी तिने काकूंचाच नंबर लावला. "फी मिळाली. वर्ग सोमवारी आहे, पण... आत्ता थोडं बोलू या?"

"खरं सांगितलंस म्हणून भरली," काकू म्हणाल्या. "बोल, मी बसलेय."