पणजोबांचा कोट

अमेरिकेत युटा राज्यातल्या लोगन गावी मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे लोक दर जुलैला आपल्या पूर्वजांचं नाटक बसवतात. चौऱ्याऐंशी साली त्यात मी प्रॉम्प्टर होते, कारण नागपुरात नाटकं केल्याची फुशारकी मीच आमच्या घरमालकांपुढे मारली होती. घरमालक ऑर्विल आजोबा कट्टर मॉर्मन. मुलगा डीन पंथ सोडून गेला, तेव्हापासून त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पण नाटक होतं त्यांच्या पणजोबांचं, आणि घरात जपलेला पणजोबांचा काळा कोट फक्त डीनलाच बसत होता, म्हणून पणजोबांचं काम त्याच्याकडे आलं. नाटकातले पणजोबा वाईट काळात पंथाला शिव्या घालून निघून गेले आणि बऱ्याच वर्षांनी परत आले. त्यांना परत घ्यायचं का, हे जमलेल्या मंडळींनी हात वर करून ठरवायचं. विरोध करणाऱ्या एकमेव म्हाताऱ्याचं काम आजोबांनी मागून घेतलं होतं, आणि तालमीत ते हात असा उगारत की डीनची मान खालीच राहायची. प्रयोगाला स्टेजवरच्या बिशपनं विचारलं, "याला परत घ्यायला कोण तयार आहे?" सगळे हात वर गेले, त्यात आजोबांचाही. "आत्ता नाही, तुमचा हात नंतर!" मी विंगेतून कुजबुजले. "ठाऊक आहे मला," ते म्हणाले. बिशप गडबडला. "कोणाचा विरोध?" कोणाचाच नव्हता. पुढचा अख्खा प्रवेश त्या विरोधावर उभा होता; मी निमूट स्क्रिप्ट मिटलं. डीन हुंदके देत बाहीनं नाक पुसायला लागला, तसे आजोबा भर स्टेजवर त्याच्यावर खेकसले, "अरे, कोट पणजोबांचा आहे! रुमाल घे माझा."