आल्यागेल्याचं पाणी

वस्तीचे नळ खासगी कंपनीकडे गेले आणि नाशिक रोडपलीकडच्या त्या गल्लीत पाण्याऐवजी नुसती हवा फुसफुसायला लागली. बिल मात्र न चुकता यायचं. अर्ज करकरून चपला झिजल्या, तेव्हा कुठे दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात कंपनीवर देखरेख ठेवणारे सरकारी साहेब पाहणीला आले. पहिलंच दार बायडाबाईचं.

साहेब घामाघूम होऊन ओट्यावर टेकले. सुनेनं त्यांच्यादेखत नळ सोडला. नळ खाकरला आणि गप्प झाला. साहेबांनी डोळ्यांनी बघितलं, म्हणून बायडाबाईच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात सोबत आलेला कंपनीचा माणूस गोड हसला. "मावशी, साहेब एवढ्या उन्हाचे आलेत. पाणी तरी विचारा!"

बायडाबाई लाजेनं अर्धी झाली. दारात आलेल्याला पाणी विचारायचं राहिलं, असं तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. ती लगबगीनं आत गेली. पहाटे मळ्यातल्या विहिरीवरून डोक्यावर आणलेल्या हंड्याच्या तळाशी थोडं उरलं होतं. ते तिनं तांब्यात ओतलं, पदरानं तांब्या पुसला आणि साहेबांपुढे धरला.

साहेबांनी घटाघटा पिऊन तोंड पुसलं. "वा! गार आहे. गोडही आहे."

"आमचंच पाणी, साहेब," कंपनीचा माणूस म्हणाला.

"अहो, ते विहिरीचं हाय!" सून ओरडली. पण तोवर तो साहेबांना घेऊन शेजारच्या दारात पोचलाही होता.

"वहिनी, साहेब आलेत हो! जरा पाणी आणा!"

आत भांडं वाजलं.