टॅपस्कॉटांचं पान

पातं टोपीत होतं आणि टोपी डोक्यावर होती, म्हणून लॉइड टॅपस्कॉट मान न हलवता ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत शिरला. दाढीचं पातं. टोपीच्या आतल्या पट्टीत खोचलेलं. ही युक्ती त्याला सफरचंदांवर फवारणी करताना सुचली होती. आत गेल्यावर टोपी काढावी लागते, हे मात्र सुचलं नव्हतं.

“टोपी,” मिस पायबस म्हणाली. ब्रॅकनहिल गावची जुनी दप्तरं तिच्या ताब्यात होती.

लॉइडनं टोपी काढली. कपाळावरून काहीतरी कोमट ओघळलं.

“कपाळाचीही दाढी करता वाटतं?” तिनं टीपकागद पुढे केला. “कुठली वही देऊ?”

“जमिनींची,” लॉइड म्हणाला. “नाहीतर... कैद्यांचीच द्या. सहज.”

“सगळे सहजच मागतात,” असं म्हणून तिनं वही आणून ठेवली आणि पाठ फिरवली.

शंभर वर्षांहून अधिक झाली, इंग्लंडहून टास्मानियाच्या या बेटावर दोन एडवर्ड टॅपस्कॉट आले होते. एक कॅप्टन. स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या मेंढ्या घेऊन आलेला. दुसरा बेड्या घालून आणलेला, दोन बदकं चोरली म्हणून. लॉइडच्या दिवाणखान्यात कॅप्टनची तसबीर होती. ती आजोबांनी लिलावात घेतली होती. अंगात रक्त बदकवाल्याचं होतं. आजोबांनी हे मरताना लॉइडच्या बापाला सांगितलं, बापानं मरताना लॉइडला. लॉइडनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तो जिवंत होता.

आणि आता लॉइडच्या मुलीचं, मार्लीनचं लग्न ठरत होतं. मिसेस बॉक्सॉलच्या मुलाशी, नेव्हिलशी. बॉक्सॉल म्हणजे गावातलं जुनं, स्वच्छ घराणं. काल चहाच्या वेळी स्कोनच्या गोड पावावर मलई पसरत मिसेस बॉक्सॉल म्हणाल्या होत्या, “परवा आपण दोघं जाऊन दप्तर बघून येऊ, मिस्टर टॅपस्कॉट. तुम्ही आमचं बघा, आम्ही तुमचं. लपवायचंय काय कुणाला? मग केकचं ठरवू.”

मार्लीन बापाकडे बघून हसली होती. तिला खरंच काही माहीत नव्हतं. म्हणून लॉइड आज एक दिवस आधी, एकटाच आला होता.

वही विचित्र होती. पुठ्ठा जाडजूड आणि आत पानं तुरळक. बाकी सगळ्या कापलेल्या कडा, शिवणीपाशी उभ्या राहिलेल्या, दाढीच्या खुंटांसारख्या. लॉइडला बरंच वाटलं. म्हणजे ही इथली रीतच होती. आपल्या बापानं कंटाळा केला, एवढंच. एडवर्ड टॅपस्कॉट, बदकं, सात वर्षं सक्तमजुरी, असं पान समोर आलं. लॉइड मोठ्यानं खोकला आणि खोकता खोकता त्यानं पान कापलं. घाईत कड नागमोडी झाली. पान घडी करून त्यानं सदऱ्यात सारलं. घाम फुटला होता, पण सुटल्याचा.

“झालं?” मिस पायबस मागे उभी होती.

“काय झालं?”

“खोकला.” तिनं वहीत डोकावून पाहिलं. “अरे देवा. टॅपस्कॉट. आणि उद्या मिसेस बॉक्सॉल यायच्यात ना?”

लॉइडनं सदऱ्यावर हात दाबला. “पान नाही म्हटल्यावर त्या वाचणार काय?”

“त्या वाचतात कुठं? चष्माही आणत नाहीत. गावात कुणाचं लग्न निघालं की येतात आणि नुसत्या कडांवरून बोट फिरवतात.” तिनं वहीचं पहिलं पान उघडलं. “नावांची यादी इथं पुढे आहे. ही कुणी कापत नाही, हिच्यात सगळ्यांचीच नावं एकत्र आहेत. कुठलं पान गेलं ते यादीत बघायचं, की झालं. ज्याच्या मागे कुणी उरलंच नाही, त्याचं पान कोण कापायला येणार? आजवर गाव म्हणत होतं, तो बदकवाला बिनपोराबाळाचा गेला बिचारा. तुम्ही आत्ता त्याला बाप केलंत.”

लॉइडनं वही मिटली. त्याला दिसलं ते एवढंच, की मार्लीन स्कोनच्या बशीसमोर बसलीये, हसत नाहीये, आणि मिसेस बॉक्सॉल हातमोजे चढवून उठतायत.

“मिस पायबस,” तो पुटपुटला, “गोंद आहे?”

“आहे. पण आत वापरात आहे.”

“मी थांबू शकत नाही हो. पोरीचं लग्न आहे!”

“प्रत्येकाच्या पोराचं लग्नच असतं,” ती म्हणाली आणि बांधणीच्या खोलीचं दार तिनं पायानं ढकललं.

आत टेबलाशी बाह्या सरसावून कुणीतरी वाकलं होतं. हातमोजे काढून ठेवलेले. पुढ्यात कैद्यांची दुसरी वही, शेजारी घरचं बायबल उघडं पडलेलं आणि त्यात दाबून ठेवलेली, कधीकाळी कापून नेलेली पिवळी पानं. चाहूल लागताच त्या व्यक्तीनं दचकून वर पाहिलं. चेहरा लॉइडच्या चेहऱ्याइतकाच पांढरा होता.

लॉइडच्या सदऱ्यातून कागदाचं टोक बाहेर आलं होतं. मिसेस बॉक्सॉलनी ते पाहिलं. त्याच्या कपाळावरचं रक्त पाहिलं. मग त्यांनी गोंदाची बाटली, अगदी सावकाश, टेबलावरून त्याच्याकडे सरकवली.

“थोडाच घ्या,” त्या म्हणाल्या. “माझं आजोळ अजून चिकटवायचं राहिलंय.”