ड्रायव्हर बदल

एसटीत कुमुदताई कधीच झोपत नसत. अपुऱ्या झोपेने माणसाच्या हातून कशा चुका होतात, याच संशोधनात त्यांची हयात गेली होती. त्यामुळे प्रवासभर नजर आरशातल्या ड्रायव्हरच्या डोळ्यांवर. निवृत्त होऊन गावी परततानाही तेच.

घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबली. “आता काय झालं?” शेजारचे गृहस्थ वैतागले.

“ड्रायव्हर बदलतोय,” कंडक्टर म्हणाला. “थकलेल्या ड्रायव्हरला घाटात गाडी चालवू द्यायची नाही, असा नवा नियम आलाय.”

“कुणाच्या डोक्यातून निघतात असले नियम!”

कुमुदताई गालातल्या गालात हसल्या. याच नियमासाठी त्या वर्षानुवर्षं भांडल्या होत्या. नवा ड्रायव्हर तोंड धुऊन, ताजातवाना होऊन चढला. त्यांनी हुश्श करून सीटला पाठ टेकली.

“ओ मावशी, उठा! शेवटचा स्टॉप आला. तुमचं गाव केव्हाच मागे गेलं!”