गाणी न लावणारा डोंगर

"इथं नको. चल, गाडीत बस."

तोकुजींनी खांद्यावरच्या स्की खाली ठेवल्यासुद्धा नव्हत्या. चिहारु बापाकडे बघतच राहिली. दोन दिवसांतलं हे तिसरं ठिकाण. उतार असा, की चार वर्षांचं पोरही न पडता खाली यावं. गर्दी नाही. म्हातारं माणूस दिसलं की लिफ्टवाला डोंगरावर नेणाऱ्या खुर्च्यांचा वेग आपणहून कमी करत होता. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला आणखी काय हवं?

"आता इथं काय वाईट आहे, बाबा?"

"ते ऐक."

लिफ्टच्या प्रत्येक खांबावर कर्णा होता आणि प्रत्येक कर्ण्यातून कुणी पोरगी प्रेमभंगाचं गाणं किंचाळत होती.

"गाणी सगळीकडेच लावतात!"

"मग सगळीकडेच नको."

त्यांनी लिफ्टवाल्याच्या रोखाने काठी उगारली. "ए, ते बंद कर."

"ऑफिसातून लावतात, आजोबा. पाच वाजता बंद होईल. तोवर तुम्हीही धरा की ठेका!"

"अठ्ठेचाळीस वर्षं स्की शिकवली मी या नागानोच्या डोंगरांवर. बर्फात कान उघडे ठेवायचे असतात, गाढवा!"

चिहारुने लिफ्टवाल्यापुढे कमरेत वाकून चारदा माफी मागितली. मग बापाला दंडाला धरून गाडीपर्यंत आणलं आणि दार असं आपटलं, की टपावरचा बर्फ काचेवर घसरला.

डिसेंबरात त्यांनीच फोन केला होता. "या वर्षी एकदा मला घेऊन चल. सोपा उतार बघ. शांत बघ. यापुढे जमणार नाही." सोप्या उतारांना जन्मभर उंदरांची घसरगुंडी म्हणून हिणवणारा हा माणूस. तिने तीन दिवसांची रजा काढली. अकरा ठिकाणांची यादी केली. उताराची रुंदी, लिफ्टची उंची, दवाखाना किती दूर, सगळं लिहून काढलं. बाबांनी यादीकडे नजरही टाकली नाही. "तू वाच," म्हणाले. आणि प्रत्येक नावापाशी एकच प्रश्न विचारला, "गाणी लावतात का?" ते कुठल्या यादीत असतं?

गाडी घाटाला लागली तसा तिचा तोल सुटला.

"स्वतः गाडी चालवायची नाही. यादी वाचायची नाही. दुपारी सोबा शेवयांच्या दुकानात पाटीवर काय लिहिलंय, तेही मीच सांगायचं. मी मुलगी आहे की मोलकरीण?"

"मुलगी आहेस, म्हणून तर आणलं."

"तुम्ही मला नाही आणलं! मी तुम्हाला आणलंय!"

"ओरडू नकोस. बहिरा नाही झालो अजून."

"मग लहानपणी कुठे गेले होते हे कान? मी पडले की हाका मारायचे. तुम्ही एकदा तरी वळून बघितलंत? 'माझ्या मागे ये' म्हणायचं आणि निघून जायचं. खाली पोचावं, तर तुम्ही पाठ करून उभे!"

तोकुजी खिडकीबाहेरही बघत नव्हते. गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते. त्या ताठपणाचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. उद्या सकाळी परत जायचं होतं. बर्फाला स्की लागलीच नाही, तर या माणसाचा शेवटचा हिवाळा गाडीतच संपणार होता आणि त्याचं खापर पुन्हा तिच्याच डोक्यावर फुटणार होतं.

चौथं ठिकाण यादीत शेवटी होतं, पण वाटेवरच लागत होतं. एका गावाने आपल्यापुरता चालवलेला उतार. एकच लिफ्ट, तिच्या खुर्च्या गंजलेल्या. पत्र्याच्या खोलीत एक बाई तिकिटं फाडता फाडता मुळा सोलत होती. तोकुजींनी काच खाली केली आणि कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. देवदाराच्या फांदीवरून बर्फ सरकला, त्याचासुद्धा आवाज आला.

"इथं," ते म्हणाले.

"इथं? इथं घोटभर चहा मिळत नाही! तीन चांगल्या जागा सोडून या खोपटासाठी फिरवलंत मला?"

"स्की काढ."

लिफ्टमध्ये बसताना त्यांनी तिचं कोपर घट्ट धरलं. वर पोचल्यावर सोडलं, चाचपून स्कीत बूट अडकवले आणि म्हणाले, "तू पुढे हो."

वयाच्या बावन्न वर्षांत तिने बर्फावर त्यांच्या पुढे कुणाला जाताना पाहिलं नव्हतं.

"का? मी कुठे चुकते, ते मागून मोजायचंय?"

"पुढे हो म्हटलं ना. आणि वळशील तेव्हा सांगत जा. डावीकडे की उजवीकडे."

"आता हेही?" ती फणकारली आणि रागारागाने निघाली. पहिलं वळण घेतलं. दुसरं घेतलं. तोंडातून शब्द काढला नाही. मागून स्कीचा आवाज येईना, तेव्हा ती थांबली आणि शिवी ओठांवर घेऊनच मागे वळली.

तोकुजी वरच उभे होते. उताराकडे नाही, देवदारांकडे तोंड करून. डोळे सताड उघडे होते, पण ती जिथे उभी होती तिकडे नव्हते. मान कलती करून ते ऐकत होते. काठीच्या टोकाने पुढचा बर्फ चाचपत होते.

चिहारुला न वाचलेली यादी आठवली, दुकानातली पाटी आठवली.

"चिहारु!" वरून तोकुजी खेकसले. "दोन दिवस नुसती ओरडतेयस! आता तुझ्या आवाजाच्या मागे मागे खाली यायचंय मला, तर नेमकी आत्ताच गप्प बसलीस?"