जुळ्यांची वयं

"बिरू, वय अठरा, तुरुंग. म्हाळू, वय चौदा, बालगृह," वयतपासणी केंद्रातल्या डॉक्टरांनी पडद्यावरचं वाचून दाखवलं आणि पुढच्या पोराचं नाव पुकारलं.

दोघांची आई ठकूबाई जागची हलली नाही. सरकारने जन्मदाखले रद्द करून वय ठरवायचं काम जबड्याच्या फोटोवर सोपवलं होतं, हे तिला ठाऊक होतं. पण निकाल ऐकून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मेंढरं चारायला माळ उरला नाही, म्हणून दोघा पोरांनी मिळून सौर प्रकल्पाचं कुंपण कापलं होतं.

"सायेब, जुळी हायेत ही!"

"मावशी, बिरूच्या अक्कलदाढेची मुळं पुरी वाढलीत. म्हाळूची अजून फुटलीसुद्धा नाहीत."

"बाजारात मेंढराचं वय दात बघून सांगत्यात. माणसाला आय असती. मला इचारा की!"

"आईची साक्ष आता धरत नाहीत." डॉक्टरांनी नोंदीतला 'जुळे' हा शब्द शांतपणे पुसला. "झालं बरोबर. तुमची दोन बाळंतपणं झाली, चार वर्षांच्या अंतराने."

शिपायाने बिरूचा दंड धरला. ठकूबाईने त्याचा हात हिसडून टाकला, टेबलावर दोन्ही मुठी आपटल्या आणि अख्खं केंद्र दणाणेल अशी ओरडली, "ह्यो झाला तवा त्यो पोटातच व्हता! मग ती चार वर्सं मी काय कळाच देत व्हते व्हय रं, मुडद्या?"